टीडीएस ३८, तरी आजी आजारी: नेरुळचं पाणी आणि लातूरचं पाणी

(वाचणाऱ्यांसाठी: हा या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हार्बर लाईनला दाराशी लटकत असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासता घासता ऐकत असाल. भांडी घासत असाल तर आजचा भाग खास तुमचाच, कारण आजचा विषय आहे नळाचं पाणी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, नेरुळला राहते आणि माझं घर लातूरला. म्हणजे वर्षभरात मी दोन शहरांच्या पाण्याने आंघोळ करते. मागच्या वर्षी या पाण्याच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. ती नीट सांगायची असेल तर आधी थोडं केमिस्ट्रीत शिरावं लागेल. घाबरू नका, बारावीपेक्षा सोपं आहे.

सुरुवात आंघोळीपासून करू. नेरुळला मी पहिल्यांदा राहायला आले तेव्हा मला वाटायचं की अंगावरचा साबण जातच नाही. दोन तांबे ओतले, चार ओतले, तरी हात बुळबुळीत. आणि लातूरला उलटं. बोअरच्या पाण्याने आंघोळ करताना साबण घासून घासून अर्धा होतो, पण फेस काही येत नाही. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, शॉवरची निम्मी भोकं बंद, गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदला. आणि गंमत बघा, लातूर म्हणजे तुरीची मोठी बाजारपेठ. तूरडाळीच्या गावात आमच्या आजीची कायम एकच तक्रार, "ह्या पाण्यात डाळच शिजना." मग ती चिमूटभर खायचा सोडा टाकायची, नाहीतर नळाला पाणी आलं की डाळीपुरती एक कळशी वेगळी भरून ठेवायची.

शाळेच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकात यासाठी दोन छान शब्द होते. सुफेन आणि दुष्फेन. फेन म्हणजे फेस. ज्याच्यात साबणाचा फेस सहज येतो ते सुफेन, ज्याच्यात येत नाही ते दुष्फेन. बोलताना आपण हलकं पाणी, जड पाणी म्हणतो. आता या शब्दात कुठेही 'स्वच्छ' किंवा 'घाण' असं नाहीये. फक्त फेस येतो की नाही, एवढंच. हे लक्षात ठेवा, कारण माझी चूक इथूनच सुरू होते.

मग पाणी जड कशाने होतं? त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. साबण या दोघांना भेटला की फेस करायचं सोडून त्यांच्याशी चिकटतो आणि त्याचा पांढरट चोथा होतो. तोच तुमच्या बादलीवर आणि केसांवर बसतो. डाळीचंही तसंच. डाळीच्या सालाखाली पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतं, म्हणून डाळ मऊ होत नाही. सोडा टाकला की ती बांधणी सैल होते. आजीला हे सूत्र माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर माहीत होता.

आता खरा प्रश्न. नेरुळचं पाणी हलकं आणि लातूरच्या बोअरचं जड, असं का? दगड तर दोन्हीकडे एकच आहे. सह्याद्री असो की मराठवाडा, खाली काळा बेसाल्टच. फरक दगडाचा नाही, फरक वेळेचा आहे.

नेरुळ, वाशी, बेलापूरकडे पाणी येतं ते मोरबे धरणातून. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे आणि ते नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. पावसाळ्यात इर्शाळगडावर गेला असाल तर वरून जो मोठा जलाशय दिसतो, तोच. तिथे पाऊस कोसळतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. ते पाणी डोंगरावरून धावत खाली येतं, धरणात साठतं, भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रात गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळतं आणि ते आपल्याकडे येतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. आणि या सगळ्या प्रवासात त्याला दगडाशी गप्पा मारायला वेळच मिळत नाही.

आता लातूर. वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. शहराचं पाणी मांजरा धरणातून येतं, पण नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतो. मधल्या दिवसांत घरोघरी बोअर. आणि बोअरचं पाणी म्हणजे कधीतरी पडलेला पाऊस, जो मातीतून झिरपत झिरपत बेसाल्टच्या भेगांमध्ये जाऊन बसला. मातीतून जाताना त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत राहतं. वर्षानुवर्षं. म्हणजे जडपणा हा पाण्याचा दोष नाही, त्याने दगडात काढलेल्या दिवसांचा तो हिशोब आहे.

लातूरचं नाव काढलं की लोकांना २०१६ ची ट्रेन आठवते. एप्रिल २०१६, मांजरा कोरडं पडलेलं, आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. 'जलदूत'. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटर पाण्याची. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली, एका फेरीला साधारण २५ लाख लिटर. मी तेव्हा बीटेकच्या पहिल्या वर्षाला होते, कोकणातल्या एका कॉलेजात. हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्हीवर माझं स्टेशन दिसत होतं आणि मागे नळ वाहत होता. कुणीतरी तो चालू ठेवून गेलं होतं. मी उठून बंद केला आणि परत येऊन बसले.

त्याच वर्षी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ईडीटीए टायट्रेशन होतं. इंजिनिअरिंगवाल्यांना आठवेल. पाण्यात इंडिकेटर टाकायचा, वाइन रेड रंग येतो, ब्युरेटमधून ईडीटीए सोडायचं आणि रंग निळा झाला की थांबायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर येताना मी घरच्या बोअरच्या पाण्याची एक बाटली घेऊन आले होते. उगीच, बघूया म्हणून. कॉलेजच्या नळाच्या पाण्याला थोडंसं ईडीटीए लागलं आणि रंग बदलला. आमच्या बोअरच्या पाण्याला ब्युरेट रिकामी झाली तरी ते लालच. सर म्हणाले, "हे पाणी आहे की चुन्याची निवळी?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं, की आमचं पाणी वाईट.

गेल्या वर्षी मी दोन्ही घरांचं पाणी मोजलं. लॅब लागत नाही. फिश टँकच्या दुकानात पाण्याचा जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं, काही शे रुपयांत. छोट्या ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम जडपणा. शिवाय माझ्याकडे तो पेनासारखा टीडीएस मीटर होताच.

नेरुळचा नळ: ३ थेंब. म्हणजे साधारण ५४. टीडीएस ८२.

लातूरचा नळ, मांजराचं पाणी: १० थेंब. म्हणजे १८०. टीडीएस ३१०.

लातूरच्या घरचं बोअर: २९ थेंब. मोजता मोजता हात दुखला. म्हणजे ५२० च्या आसपास. टीडीएस ९८०.

हे आकडे माझ्या दोन घरांचे, त्या दिवसाचे आहेत. शेजारच्या गल्लीतल्या बोअरला वेगळा आकडा येईल, आणि मे महिन्यात व सप्टेंबरमध्येही वेगळा.

आता हे कशाशी ताडून बघायचं? भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात जडपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, पर्याय नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे नेरुळचा नळ आरामात पास. लातूरचा नळसुद्धा पास, हे बऱ्याच लातूरकरांनाही पटत नाही! आणि आमचं बोअर 'पर्याय नसेल तर' या रांगेत.

आकडा डोळ्यासमोर यावा म्हणून एक हिशोब. घरात दिवसाला १५० लिटर पाणी वापरलं असं धरा. आमच्या बोअरच्या पाण्यातून दिवसाला ७८ ग्रॅम चुनखडीइतका जडपणा घरात येतो. वर्षाला २८ किलो. नेरुळला तेवढ्याच पाण्यातून वर्षाला ३ किलो. सगळा काही नळावर चिकटत नाही, बराचसा वाहून जातो. पण गिझर का मरतो ते कळलं असेल.

बरं, आता माझ्या मूर्खपणाकडे येऊ.

नेरुळला आमच्या सोसायटीच्या लॉबीत एके रविवारी आरओ विकणारा एक जण टेबल टाकून बसला होता. त्याच्याकडे दोन ग्लास. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत त्याने लोखंडी दांड्यांचं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ, वर फेस, बघवत नाही असं पाणी. मशीनचं पाणी तसंच काचेसारखं. आजूबाजूच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे पितो आपण?"

मी बीटेक. मला कळायला हवं होतं. त्या ग्लासात जे दिसत होतं ते दांड्यांचं लोखंड होतं. पाण्यात थोडे क्षार असले की त्यातून वीज जाते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज जात नाही, म्हणून काही होत नाही. त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही तपकिरी झाला असता. पण डोक्यात ते जुनं 'चुन्याची निवळी' होतं. भीती वाटली. महिन्याला १,५०० रुपये, १२ हप्ते, मशीन घरात.

८२ टीडीएसचं पाणी मी आरओमधून काढत होते! आणि एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडत होते. ही अशी नासाडी बघूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं, की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला. मला ते तेव्हा माहीतही होतं. पण लॉबीत भीती वाटते तेव्हा वाचलेलं काही आठवत नाही.

इथवर फक्त पैसे गेले. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

मशीनबरोबर एक टीडीएस मीटर फुकट मिळाला होता. तो मी लातूरला घेऊन गेले. पप्पांना दाखवला. पप्पा एकदम खूश. लहान मुलासारखे घरभर फिरून सगळं मोजत होते. बोअर ९८०, नळ ३१०, नारळपाण्यात बुडवला तर भलताच काहीतरी आकडा. आणि मग आमच्याकडे रोज येणारा थंड पाण्याचा जार. कॉलनीत कुणाच्याही घरी बघा, तो निळा नाहीतर हिरवा जार असतोच. त्यात मीटर बुडवला. ३८.

पप्पा म्हणाले, "बघ की! अडतीस! तुझ्या मुंबईच्या पाण्यापेक्षा भारी."

आणि मी म्हणाले, "मग झालं तर. पिण्याला हाच वापरा. बोअरचं अजिबात पिऊ नका, आणि नळाचंही राहू द्या." हे शब्द माझे आहेत. आजी आधी नळाचं पाणी उकळून, गाळून प्यायची. मी तिला म्हटलं, "आजी, कशाला गॅस जाळतेस? हे बघ, मीटरच सांगतोय."

मे महिन्यात आजीला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी घरच्यांना वाटलं, उन्हाने झालं असेल. दुसऱ्या दिवशी ती उठून बसेना. ७६ वर्षांचं माणूस, त्यात लातूरचा मे. दोन दिवस सलाईनवर होती. मी रात्रीची गाडी पकडून सकाळी पोचले तेव्हा तिचे हात बघितले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

पप्पा अभिमानाने म्हणाले, "जारचं, डॉक्टर. टीडीएस अडतीस आहे."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तो मीटर क्षार मोजतो. जंतू नाही मोजत."

मी मागेच उभी होते. मला ते वाक्य माहीत नव्हतं असं नाही. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मीही हेच उत्तर लिहिलं असतं.

आजी बरी झाली. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं नीट ऐकाल. आता घरी आहे आणि डाळीची तक्रार चालू आहे.

घरी आल्यावर मी एचटूएस वायल आणल्या. ही एक छोटी बाटली असते, गावोगावी ग्रामपंचायतीच्या पाण्यासाठी वापरतात. त्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैलापाण्याशी संबंधित जंतू असण्याची शक्यता मोठी. तीन बाटल्या भरल्या. नळ, बोअर आणि जार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाची तशीच. बोअरची तशीच. जारची काळी कुळकुळीत.

आता नीट बोलूया. आजी त्या जारमुळेच आजारी पडली हे मी सिद्ध करू शकत नाही. जार भरणाऱ्याकडेच पाणी खराब झालं, की आमच्या घरी त्यात ओगराळं बुडवून बुडवून झालं, हेही सांगता येत नाही. पण एवढं नक्की, की घरातलं सगळ्यात कमी टीडीएसचं पाणी हे घरातलं सगळ्यात धोक्याचं पाणी निघालं. आणि तेच प्या म्हणून मी सांगितलं होतं.

असं का झालं, हे मी नंतर शांतपणे वाचलं.

टीडीएस मीटर खरं तर क्षारही मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो, त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणतो आणि स्क्रीनवर टीडीएस म्हणून दाखवतो. जंतूंनी वीज वाढत नाही, म्हणून ते त्याला दिसत नाहीत. शिसं दिसत नाही. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि मीटरचा एक आकडा म्हणजे १ मिलिग्रॅम. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी मीटर ढिम्म हलणार नाही. नायट्रेट वेगळं दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्लोरीन. महापालिकेच्या पाण्यात जाणूनबुजून थोडा क्लोरीन शिल्लक ठेवतात. मानकानुसार नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे वाटेत पाइपात, टाकीत काही शिरलंच तर त्याला मारायला पहारेकरी हवा म्हणून. आरओमध्ये काय होतं? पडद्याला क्लोरीन चालत नाही, म्हणून आधीच्या कार्बन फिल्टरमध्ये तो काढून टाकतात. लगेच ग्लासात घेऊन प्यायलात तर ठीक. पण तेच पाणी जारमध्ये भरलं, टेम्पोत फिरवलं, दिवसभर ठेवलं, तर त्याच्याकडे पहारेकरीच नाही. बोअरचं ९८० टीडीएसचं पाणी बेचव होतं, जड होतं, पण त्या दिवशी त्या परीक्षेत पास झालं. चवीला गोड लागणारं ३८ वालं नापास झालं.

म्हणून आता मी पाण्याला एक आकडा विचारत नाही. तीन वेगळे प्रश्न विचारते.

पहिला, यात विरघळलेलं काय आहे? इथे टीडीएस मीटर आणि थेंबांचं किट कामाचं. चव, साबण, गिझर, डाळ हे सगळं इथे येतं. जडपणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यासाठी म्हणून त्याची मर्यादाच ठरवलेली नाही. उलट कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला लागतातच. पण बोअर असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड एकदा लॅबमध्ये तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, माफक फी घेऊन तपासून देतात. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. आणि लक्षात ठेवा, उकळून नायट्रेट जात नाही.

दुसरा, यात जिवंत काय आहे? एचटूएस वायल, नाहीतर लॅब. एकदा पास झालं म्हणजे कायमचं पास असं नाही. पावसाळा सुरू झाल्यावर परत करा. टाकी धुतली नसेल तर करा. शंका आली तर सरळ उकळा. पाणी खळखळून उकळायला लागलं की मिनिटभर ठेवा, जंतूंसाठी पुरे. वर बोनस म्हणजे जडपणाचा काही भाग भांड्याच्या तळाला पांढरा होऊन बसतो.

तिसरा, यात राखण करणारं काय शिल्लक आहे? म्हणजे क्लोरीन. ओटीचं द्रावण टाकायचं, पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. तुमच्या गावातल्या आरोग्य सेवकाला 'ओटी टेस्ट' विचारा, लगेच कळेल. आणि साठवण. तोटीची टाकी वापरा, हात किंवा ओगराळं बुडवू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चालत नाही. हलकं म्हणजे स्वच्छ नाही आणि जड म्हणजे घाण नाही. एवढं एकच वाक्य घेऊन गेलात तरी आजचा भाग वसूल.

नवी मुंबईवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. 'नवी मुंबईचं पाणी' असं एक पाणी नाहीये. नेरुळ-वाशीला मोरबे. खारघर, उलव्याकडे सिडकोचं पेणजवळच्या हेटवणे धरणाचं पाणी येतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात काही भागांना एमआयडीसीचं, बारवी धरणाचं. आणि उन्हाळ्यात टँकर आला तर तो कुठून भरून आला ते विचारा. तिन्ही धरणं पावसाची, म्हणून पाणी हलकं असणार. तुमच्याकडे खरा धोका क्षारांचा नाही, तुमच्या सोसायटीच्या टाकीचा आहे. मीटर नळाखाली धरण्याआधी सेक्रेटरीला विचारा, टाकी शेवटची कधी धुतली?

तुमचे दोन प्रश्न नेहमी येतात, तेही घेते. जड पाण्याने केस गळतात का? केस राठ होतात, साबणाचा चोथा बसतो, विंचरताना तुटतात, हे खरं. मुळापासून गळून टक्कल पडतं, असं ठोस सिद्ध झालेलं नाही. शेवटी मगभर पाण्यात लिंबू पिळून केस धुवा, फरक जाणवेल. दुसरा, जड पाण्याने मुतखडा होतो का? थेट संबंध सिद्ध झालेला नाही. पाणी कमी पिणं हे मात्र नक्कीच कारण आहे. ज्यांना आधीच खडा आहे त्यांनी पॉडकास्ट नाही, डॉक्टरांना विचारायचं.

मग माझ्या आरओचं काय झालं? नेरुळला तो मी भिंतीवरून काढून घेतला, चादरीत गुंडाळला आणि लातूर एक्स्प्रेसने घरी नेला. आयुष्यात बर्थवर इतक्या प्रेमाने मी दुसरं काही जपलं नाही. आता तो लातूरच्या स्वयंपाकघरात आहे, जिथे त्याची खरंच गरज आहे. पाणी थेट मशीनमधून घेतात, साठवून ठेवत नाहीत. वाया जाणारं पाणी संडासाला वापरतात. झाडांना घालत नाही, कारण त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. नेरुळला मी नळाचं पाणी उकळून पिते. पावसाळ्यात दोनदा वायल करते. आतापर्यंत तरी काळी पडलेली नाही.

पप्पांनी तो मीटर अजून ठेवलाय. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "आज बोअर १०१०." मी विचारलं, "आणि वायल?" म्हणाले, "लावलीय, उद्या सांगतो."

आजी मागून ओरडली, "अगं, डाळीचं विचार त्यांना! मशीनच्या पाण्यात दोन शिट्ट्यांत शिजती आता."

चला, तुमच्या घरचं पाणी कुठल्या धरणातून, कुठल्या बोअरमधून येतं ते एकदा घरी विचारा. मीटर असेल तर आकडा सांगा, पण आकड्याबरोबर टाकी कधी धुतली तेही सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि नळ बंद करा.